आत्या चंदगडहून आल्या तेव्हा

"वय 43. पुरुष. यंत्रमागावर विणकर, राहणार वडगाव. तक्रार: चिडचिड, झोप नाही, कामावरून काढलं. दारू: हो. कुटुंबात मानसिक आजार: नाही."

2023 च्या पावसाळ्यातला हा केसपेपर माझ्याच अक्षरातला आहे. खाली निदान लिहिलंय, दारूचं व्यसन आणि नैराश्य. जवळजवळ वर्षभर मी त्या निदानाला चिकटून बसले होते. निदान अर्धवट होतं. खरा आजार हंटिंग्टनचा, पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारा मेंदूचा आजार, आणि तो सुटण्याचं मूळ वरच्या शेवटच्या शब्दात होतं. "नाही." तो शब्द मी कसा मिळवला, आणि खरं उत्तर यायला चंदगडहून एक म्हातारी बाई एसटीने बेळगावला का यावी लागली, ते लिहायचं आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

माणूस मूळचा अबोल. वडील चंदगड तालुक्यातून बेळगावला मागावर काम करायला आले आणि इथेच राहिले. हा त्यांचा एकुलता एक मुलगा. वयाच्या सोळाव्या वर्षापासून मागावर. बायकोही घरी कांड्या भरून देणारी. मुलगा डिप्लोमा करून उद्यमबागेत एका फाउंड्रीत लागलेला, मुलगी कॉलेजात. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत.

मालकाची तक्रार सोपी होती. धोट्यातली कांडी बदलायला याचा हात वेळेवर जात नाही. तुटलेला धागा सांधायला पूर्वी बघावंसुद्धा लागायचं नाही, आता दोन-दोनदा सुटतो. पीस खराब निघतो. "पिऊन येतोय." तोंडाला वास यायचाच, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

बायकोने मात्र पहिल्याच दिवशी एक वाक्य उच्चारलं होतं. ते मी केसपेपरवर लिहिलं नाही, पण ते डोक्यातून गेलंही नाही. "मॅडम, हात मागनं बिघडला. आदी माणूस बदलला." दोन वर्षं आधीपासून. मुलांवर कधी आवाज न चढवणारा बाप ताटं भिरकावू लागला. मग अंघोळीला जा म्हटलं तरी बसून राहायचा. रडायचा नाही, उदासही दिसायचा नाही, नुसता बसून. या बसून राहण्याला आम्ही बहुतेक वेळा नैराश्य म्हणून टाकतो. पण नैराश्यात माणसाला आतून दुखत असतं. इथे दुखणंच दिसत नव्हतं, इच्छाच विझली होती. हा फरक मला तेव्हा खटकायला हवा होता.

मी नैराश्याच्या गोळ्या दिल्या, दारू सोडवायला धारवाडला डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत पाठवलं. दारू बऱ्यापैकी सुटली. हात सुधारला नाही. घरचे यल्लम्माच्या डोंगरावर जाऊन आले. त्यावर मला काही म्हणायचं नाही. त्या घराला वर्षभर ना माझ्याकडून उत्तर मिळालं होतं ना डोंगरावरून.

2024 च्या सुरुवातीला ते दुसऱ्या एका ठिकाणी दाखवायला गेले. तिथे हालचाल बरोबर ओळखली गेली. खांदे उडणं, बोटं पियानो वाजवल्यासारखी हलणं, भुवया उगाच वर जाणं. हालचालीवर टेट्राबेनाझीन सुरू झालं. मनाचं काय चाललंय ते तिथे विचारलं गेलं नाही, आणि आधीचे माझे कागदही कुणी पाहिले नाहीत. टेट्राबेनाझीन पेशींमध्ये डोपामीन या रसायनाची साठवण होऊ देत नाही, म्हणून हालचाल कमी होते. पण त्याबरोबर सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही मन सांभाळणारी रसायनंही आटतात. अमेरिकेत 2008 मध्ये याच आजारासाठी या औषधाला मंजुरी मिळाली, तीच नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांच्या ठळक इशाऱ्यासकट. हात जरा थांबले. सहा आठवड्यांनी, पहाटे, बायकोला तो परसातल्या विहिरीच्या काठावर सापडला. शेजाऱ्यांनी धरून आणला.

आणि त्या बातमीवर आत्या आल्या.

आत्या म्हणजे रुग्णाच्या वडिलांची धाकटी बहीण. वय सत्तरीच्या पुढे, चंदगडच्या बाजूला एका खेड्यात राहणाऱ्या. भाचा वॉर्डात झोपलेला, सुनेने चहा आणलेला, आणि आत्या कॉटजवळ उभ्या राहून त्याच्या हाताकडे बघत होत्या. मी राउंडला गेले तेव्हा मला न विचारताच म्हणाल्या, "ह्येचा बाप असाच हुता. अगदी अश्शीच बोटं."

सून चमकली. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरे वारलेले होते. नवऱ्याने वडिलांबद्दल एवढंच सांगितलं होतं, की पाय घसरून विहिरीत पडले. आत्याही "विहीर" म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत. मीही ताणलं नाही.

"मावशी, त्यांना काही मानसिक आजार होता का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. येडबिड न्हवता आमचा दादा."

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाच प्रश्न मी वर्षापूर्वी रुग्णाला विचारला होता, आणि हेच उत्तर लिहून घेतलं होतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. "मानसिक आजार" या शब्दांना आमच्या भागात एकच अर्थ आहे, कपडे फाडून रस्त्यावर हिंडणारा माणूस. मी प्रश्न बदलला. दादा कसे चालायचे?

"डुलत. म्हणून गाव दारूडा म्हणायचं त्याला. थेंब घेतला न्हाई त्यानं जन्मात." जेवताना? "घास तोंडात जायचा न्हाई, उडायचा." आणि स्वभाव? "आदी गाईवानी. मागनं कुणाचं ऐकना."

पाऊण तासात कागदावर वंशावळ उभी राहिली. चौकोन पुरुषाचा, गोल बाईचा, आजारी असेल तर आतून काळा. रुग्ण काळा, वडील काळे. आजोबांबद्दल आत्या म्हणाल्या, "बाबा शेवटी अंगात आल्यागत करायचे." तोही चौकोन मी काळा केला. आत्यांचा गोल कोरा. मुंबईला गिरणीत गेलेला त्यांचा एक भाऊ अडतिसाव्या वर्षी वारला, कशाने ते घरात नीट कुणाला माहीत नव्हतं. तो चौकोन अर्धा काळा केला. त्याचा एक मुलगा गडहिंग्लजला असतो एवढं कळलं.

सीमेवर हे नेहमीचं आहे. वंशावळीची एक बाजू बेळगावात, दुसरी चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्यात. इकडचे कागद कन्नडमध्ये, तिकडचे मराठीत, औषधांच्या चिठ्ठ्या इंग्रजीत. लग्नाला, बारशाला दोन्हीकडची माणसं एकत्र येतात, पण आजाराची गोष्ट कुणी कुणाला सांगत नाही. आनुवंशिक आजार शोधायला पिढ्या लागतात, आणि आमच्या ओपीडीत एका वेळी अर्धीच पिढी येते.

मग मी त्याला पुन्हा तपासलं, पहिल्यांदा पाहतेय असं समजून. जीभ बाहेर काढून ठेवा म्हटलं तर ती दोन सेकंदांत आत. माझी दोन बोटं घट्ट धरा म्हटलं तर पकड गाईचं दूध काढल्यासारखी, आवळ-सोड, आवळ-सोड. डोक्याला न हलवता नुसत्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे बघायला सांगितलं, तर नजर आधी अडखळली आणि मग मान वळली. तीन तपासण्या, खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. वर्षभर मी त्या केल्या नव्हत्या. समुपदेशन करून रक्त तपासणीसाठी बेंगळुरूला निम्हान्स या मेंदू-मनाच्या राष्ट्रीय संस्थेत पाठवलं. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास. काही आठवड्यांनी उत्तर आलं: हंटिंग्टनचा आजार, 44 आवर्तनं.

हा आकडा काय ते सांगायला हवं. चौथ्या गुणसूत्रावर हंटिंग्टिन नावाचं प्रथिन बनवणारं एक जनुक आहे. त्यात सी-ए-जी ही डीएनएची तीन अक्षरं एकापाठोपाठ एक येत राहतात. बहुतेकांमध्ये ती 26 वेळा किंवा त्याहून कमी येतात. 36 ते 39 असतील तर आजार होईल किंवा होणारही नाही. 40 किंवा त्यापुढे असतील तर माणूस पुरेसा जगला की आजार होतोच. मुलाला हे जनुक मिळण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक बाळंतपणात निम्मी. वडिलांकडून येताना आकडा वाढण्याचा संभव जास्त, म्हणून काही घरांत पुढच्या पिढीत आजार लवकर दिसतो.

जॉर्ज हंटिंग्टनने 1872 मध्ये हे पहिल्यांदा नीट लिहिलं तेव्हा तो 22 वर्षांचा होता. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्याचे वडील आणि आजोबा डॉक्टर होते, तीच तीच घरं तिघांनी पाहिलेली. म्हणजे डॉक्टरांच्या तीन पिढ्यांनी रुग्णांच्या पिढ्या पाहिल्या, म्हणून आजार दिसला. त्याने तीन खुणा सांगितल्या: आनुवंशिकता, प्रौढ वयात सुरुवात, आणि वेड व आत्महत्येकडे कल. तिसरी खूण तेव्हाच लिहून ठेवलेली आहे. तरी आज बहुतेकांच्या डोक्यात हा "नाचण्याचा आजार" आहे. हालचाल डोळ्यांना दिसते, ताट भिरकावणं दिसत नाही, त्याला स्वभाव म्हणतात.

बायकोला मी हे सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. ऐकून तिने जो प्रश्न विचारला तो मला वैद्यकीय परिषदेतही कुणी विचारला नव्हता.

"जल्मापासनं रक्तात हुतं म्हणतासा, तर चाळीस वर्सं कुटं दडून बसलं हुतं?"

या प्रश्नाचं चांगलं उत्तर 2025 च्या जानेवारीत मिळालं. बोस्टनच्या स्टीव्ह मॅकॅरोल यांच्या प्रयोगशाळेने मृत रुग्णांच्या मेंदूतली एकेक पेशी वेगळी करून तिच्यातली आवर्तनं मोजली. वारशाने 40 ते 45 आलेली असतात, पण मेंदूच्या खोल भागातल्या, हालचाल आणि इच्छा दोन्ही सांभाळणाऱ्या काही पेशींत ती वर्षानुवर्षं वाढत राहतात. आधी अगदी सावकाश, दशकं घेऊन, 80 पर्यंत. मग वेगाने. साधारण 150 ओलांडेपर्यंत पेशीचं फारसं बिघडत नाही. त्यानंतर ती पेशी आपली ओळख हरवते आणि मरते. चाळीस वर्षं दडून बसलेलं नव्हतं, चाळीस वर्षं वाढत होतं. अक्षरांची ही वाढ डीएनए दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेच्याच चुकीमुळे होते, आणि एमएसएच-3 सारख्या दुरुस्ती-जनुकांमधल्या फरकांमुळे काहींना आजार लवकर, काहींना उशिरा होतो. म्हणून आता काही संशोधक मूळ जनुकाच्या मागे न लागता ही वाढच थांबवता येईल का ते पाहताहेत. मला स्वतःला ही वाट जास्त पटते.

विणकराच्या बायकोला उपमा मला द्यावी लागली नाही. तीच म्हणाली, "एकच पट्टी परत परत पडाय लागली की डिझाइन जातंय बगा."

उपचाराचं लांबवत नाही. टेट्राबेनाझीन हळूहळू बंद केलं. ओलँझापीन थोड्या मात्रेत रात्री, त्याने हालचाल, चिडचिड, झोप तिन्हींना आधार मिळाला. या आजारात माणूस वाळत जातो, आणि एरवी नको असलेली ओलँझापीनची वजनवाढ इथे कामी येते. सर्ट्रालीन ही नैराश्याची गोळी सकाळी. परसातल्या विहिरीवर जाळी बसवली, हे मुलाने एका रविवारी केलं. माझ्या मते सगळ्या चिठ्ठीत ते सर्वांत महत्त्वाचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर बायकोच्या फोनमध्ये घातला, तिथे मराठीही निवडता येते. पाण्याचा ठसका लागतो म्हणून पातळ ताकाऐवजी घट्ट आंबील, बसून, हनुवटी खाली करून. सतत हलणाऱ्या शरीराला जास्त अन्न लागतं. दिवसातून दोनदा कुंदा खा असं लिहून देणारी बेळगावातली मी पहिलीच डॉक्टर असेन. त्या चिठ्ठीवर तो पहिल्यांदा हसला.

2025 च्या सप्टेंबरअखेर मुलगा एकटाच आला. वय 23. फाउंड्रीची शिफ्ट सुटल्यावर तसाच, हाताला काजळी. मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअॅपवर फिरणारा मजकूर होता, हंटिंग्टनवर जनुक-उपचार सापडला, आजार 75 टक्के बरा. "मॅडम, बाबांना कधी मिळंल? आणि मी टेस्ट करून घेऊ?"

दोन प्रश्न एका श्वासात. मी त्याला बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

बातमी निराधार नव्हती. युनिक्युअर या कंपनीच्या एएमटी-130 या उपचाराची ती होती. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या कवचात एक छोटा आनुवंशिक संदेश घालून तो मेंदूच्या खोल भागात सोडतात, आणि त्यानंतर त्या पेशी हंटिंग्टिन प्रथिन कमी बनवतात. कवटीला बारीक भोकं पाडून, एमआरआयमध्ये बघत बघत, 12 ते 18 तास चालणारी शस्त्रक्रिया. एकदाच. जास्त मात्रा मिळालेल्या आणि तीन वर्षं पूर्ण झालेल्या 12 जणांत आजाराची चाल 75 टक्के मंदावली, असं कंपनीने जाहीर केलं. मंदावली, बरी झाली नाही. एका वर्षात जेवढं बिघडलं असतं तेवढं बिघडायला चार वर्षं लागतील, असा त्याचा अर्थ. त्या 12 जणांची तुलनाही उपचार न मिळालेल्या रुग्णांच्या बाहेरच्या नोंदींशी केलेली. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनेच सांगितलं, की अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेला आता ही तुलना मंजुरीसाठी पुरेशी वाटत नाही.

याआधीही आशा उंचावून पडल्या आहेत. टोमिनर्सेन हे कण्यातून द्यायचं औषध शेवटच्या टप्प्यात असताना 2021 च्या मार्चमध्ये थांबवावं लागलं. आणि किंमत? याच कंपनीने तयार केलेल्या हिमोफिलिया-बी या रक्त न गोठण्याच्या आजाराच्या जनुक-उपचाराची अमेरिकेतली किंमत 35 लाख डॉलर, म्हणजे 30 कोटी रुपयांच्या आसपास. त्याने तो आकडा ऐकला आणि मोबाइल खिशात घातला. वाईट वाटलं, पण वडगावात घर विकायला निघालेला मुलगा पाहण्यापेक्षा ते बरं.

एवढं सांगूनही मी त्याला खोटी निराशा दिली नाही. 1993 मध्ये हे जनुक सापडलं तेव्हा त्याला हात लावता येईल असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. आज बारा माणसांवर का होईना, काहीतरी मोजता येतंय. आणि तो 23 वर्षांचा आहे.

दुसरा प्रश्न जड होता. टेस्टला रक्त पाच मिलिलिटर लागतं, पण उत्तर परत करता येत नाही. उत्तर "हो" आलं तर उद्यापासून चहाचा कप निसटला तरी त्याला बाबांची बोटं दिसणार. "नाही" आलं तरी सगळे सुटत नाहीत. काहींना बहिणीसमोर अपराध्यासारखं वाटत राहतं. म्हणून जगभर नियम असा, की आधी समुपदेशनाच्या बैठका, मधे विचाराला वेळ, आणि कधीही मागे फिरायची मुभा. आत्महत्येचा धोका निदानाच्या अगोदरच्या काळात आणि नंतर हातातलं काम सुटायला लागतं तेव्हा जास्त असतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन संशोधिकेचं मी त्याला सांगितलं. आई याच आजाराने 1978 मध्ये गेली, त्यांनी व्हेनेझुएलाच्या माराकाइबो तलावाकाठच्या कुटुंबांत वर्षानुवर्षं जाऊन रक्ताचे नमुने गोळा केले, त्यातून जनुक सापडलं. स्वतःला आजार असल्याचं त्यांनी जगाला सांगितलं ते 2020 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर.

तो तीनदा आला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "सध्या नको. लग्नाचा विषय निघाला तर आदी तिला सांगीन, मग दोघं मिळून ठरवू." मी मान डोलावली. दुसरं काही म्हणायचा मला अधिकार नव्हता.

आईचा प्रश्न वेगळा. मुलगी 17 ची. चांगलं स्थळ चालून आलंय. "तिचं रक्त तेवढं बगून द्या, गुपचूप. न्हाई आलं तर डोक्याचा ताप जाईल." मी नाही म्हटलं. अठरा वर्षांखालच्या मुलांची ही चाचणी करत नाहीत, कारण त्या वयात त्या उत्तराने कुठलाच उपचार बदलत नाही, आणि उत्तर मिळतं ते आईला, जगायचं असतं मुलीला. आई रागावली. दोन महिने आली नाही, गोळ्या न्यायला मुलालाच पाठवायची. त्या दोन महिन्यांत मलाही वाटून गेलं, की मी तत्त्वाच्या बाजूने उभी राहिले आणि बाईला एकटं पाडलं. मग ती आली, स्थळाचा विषय काढलाच नाही, म्हणाली, "पोरगी बीएस्सी करतो म्हणतीय. करूदे."

आत्यांचा प्रश्न सर्वांत शेवटी कळला, आणि तो त्या वॉर्डातल्या दिवसापासून मनात घेऊन हिंडत होत्या. "मला आसंल का, बाई? माज्या पोरास्नी?" सत्तरी ओलांडलेली, भाकरी थापताना हात न चळणारी बाई. मी त्यांची जीभ बघितली, बोटं धरली, नजर फिरवायला सांगितली. सगळं स्वच्छ. या वयापर्यंत एकही खूण नाही म्हणजे ते जनुक त्यांच्याकडे आलेलं नसण्याचीच शक्यता खूप मोठी, आणि त्यांच्याकडे नसेल तर मुलांकडे येणार कुठून? हे कळल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच भाच्याच्या ताटात आणखी एक चमचा तूप वाढायला सांगितलं.

रुग्ण आता मागावर बसत नाही. बायको कांड्या भरते तेव्हा शेजारी बसतो, रिकाम्या कांड्या टोपलीत टाकतो. कधी टोपलीत पडतात, कधी बाहेर. विहिरीची जाळी जागेवर आहे.

गेल्या आठवड्यात आत्यांचा फोन आला. गडहिंग्लजच्या भाच्याबद्दल. मुंबईला वारलेल्या भावाचा मुलगा, वय 39, गॅरेजमध्ये काम करायचा, आता घरीच असतो. "मॅडम, त्येलाबी समदी दारूडा म्हंत्यात. घिऊन यू?"

मंगळवारी आणा म्हटलं. येताना जुने कागद आणा, कुठल्याही भाषेतले चालतील.